जुनं जलरंग चित्र: सही 'जे. एस.', पण चित्रकार कोण आणि जागा कुठली?

रंगवेडी:
नमस्कार मंडळी, आत्या गेल्यावर तिच्या खोलीतलं हे चित्र माझ्याकडे आलं. लहानपणी तिच्या पलंगावर लोळत मी तासन् तास याच्याकडे बघायचे, म्हणून आता ते नेमकं कुठलं आणि कोणी काढलं हे मनापासून जाणून घ्यायचंय. मागची पट्टी सुटलेलीच होती म्हणून काल फ्रेम उघडली, चित्र साधारण 35 बाय 25 सेंटीमीटर आहे. मधोमध रुंद पाणी, दोन्ही बाजूंना पाण्यातूनच उभे राहिल्यासारखे वाडे, आणि डावीकडे त्याच काठावर लांब एक मोठं घुमटाचं चर्च. घुमटाच्या खाली गोल वळलेल्या वेटोळ्यांसारखे दगडी आकार आहेत, शेजारी डावीकडे अजून एक छोटा घुमट आणि दोन बारीक मनोरे. पुढे एक काळी होडी. आकाश सगळं गुलाबी, म्हणजे संध्याकाळ असणार. उजव्या कोपऱ्यात एकमेकांत गुंतलेली जे आणि एस अशी अक्षरं आहेत, माझा भाचा म्हणतो हा जॉन सिंगर सार्जंट, तो प्रसिद्ध अमेरिकन चित्रकार! खरंच असेल का? आकाशात पेन्सिलच्या अगदी फिकट आडव्या-उभ्या रेघा पण दिसतात, त्या कागदाच्या घड्या असाव्यात असं वाटतंय.

पाणीदार:
जागेचं उत्तर लगेच देतो, हे व्हेनिस. ती वेटोळी दुसऱ्या कुठल्या चर्चला असली तरी अशी, पाण्याच्या काठावर, त्या दोन मनोऱ्यांसकट, म्हणजे सांता मारिया देल्ला सालूतेच. 1630 च्या प्लेगनंतर नवस म्हणून बांधायला घेतलं, वास्तुकार बाल्दास्सारे लोंगेना, काम 1631 ला सुरू झालं ते 1687 पर्यंत चाललं. चर्च डावीकडे दिसतंय म्हणजे चित्रकार सेंट मार्कच्या बाजूला धक्क्यावर बसला असणार, तिथून ग्रँड कॅनालच्या, म्हणजे शहरातल्या मुख्य कालव्याच्या, तोंडाकडे बघितलं की सालूते डाव्या हाताला येतं. सार्जंटने हे चर्च खूपदा रंगवलंय त्यामुळे भाच्याचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका.

कागदपत्रे:
पाणीदार, चर्च बरोबर ओळखलंत पण जागा नाही पटत मला. धक्क्यावरून बघितलं तर चर्चच्या आधी, अगदी टोकाला, जुनी कस्टमची बसकी इमारत आणि तिच्यावरचा सोनेरी गोल यायला हवा. ताईंच्या चित्रात तसं काहीच नाही, उलट चर्चच्या अलीकडे त्याच काठावर वाड्यांची रांग आहे. असं फक्त दुसऱ्या बाजूने, ग्रँड कॅनालवरच्या आकादेमिया पुलावरून दिसतं. पण तिथून सालूते उजवीकडे येतं आणि छोटा घुमट मोठ्याच्या उजवीकडे! ताईंच्या चित्रात दोन्ही डावीकडे आहे. म्हणून मला वाटतंय हे चित्रच आरशातल्यासारखं उलटं आहे. ताई एक काम करा, भिंग घेऊन होडीवरचा माणूस बघा. गोंडोला, म्हणजे व्हेनिसची ती काळी होडी, एकटा माणूस मागच्या टोकाला उभा राहून चालवतो आणि वल्हं कायम त्याच्या उजव्या बाजूला असतं, होडीच मुळात त्या हिशेबाने वाकडी बांधलेली असते, डावी बाजू उजवीपेक्षा साधारण 24 सेंटीमीटरने रुंद. तुमच्या चित्रात वल्हं कुठल्या बाजूला आहे ते सांगा.

रंगवेडी:
भिंगातून बघितलं. होडी आपल्यापासून लांब जातेय, माणूस पाठमोरा आहे आणि वल्हं त्याच्या डाव्या हाताला पाण्यात गेलंय!! इतकी वर्षं बघतेय पण हे कधी लक्षातच आलं नाही. म्हणजे चित्रकाराने चुकून उलटं काढलं?

कागदपत्रे:
चुकून नाही हो. समोर बसून काढणारा माणूस अख्खं शहर उलटं काढत नाही. आता त्या पेन्सिलच्या रेघांकडे वळूया, त्या घड्या नाहीत. भिंगाखाली बघा, सारख्या मापाचे चौकोन पडलेत का? मूळ चित्रावर चौकोन आखायचे, आपल्या कागदावर तेवढेच आखायचे आणि एकेक घर बघत उतरवायचं ही नक्कल करायची जुनी पद्धत. आणि मूळ जर एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, असेल तर उलटेपणाचा पण उलगडा होतो. तांब्याच्या पत्र्यावर समोरचं दृश्य जसंच्या तसं कोरलं की छापताना ते उलटं येतं. व्हिसलर या अमेरिकन चित्रकाराने 1879-80 मध्ये व्हेनिसला जी एचिंग केली ती अशीच उलटी छापली गेली, त्याने ती सरळ करायची फिकीर केली नाही. मी असं म्हणत नाही की मूळ त्याचंच आहे, पत्र्यावर थेट कोरणारे पुष्कळ होते. मॅजिक लँटर्नची (भिंतीवर चित्र पाडायच्या जुन्या दिव्याची) काचेची स्लाइड उलटी घातली तरी हेच होतं. पण सार्जंट मात्र यातून गळाला. तो व्हेनिसमध्ये बऱ्याचदा गोंडोलातच बसून, पाण्याच्या लगत नजर ठेवून रंगवायचा आणि चौकोन आखून नक्कल हा त्याचा हातच नव्हे. ब्रुकलिन म्युझियमने 1909 मध्ये त्याची 83 जलरंग चित्रं एकदम घेतली, ती बघा, तीन-चार बघितलीत की फरक तुम्हालाच दिसेल. बरं, त्याची सही पण सहसा पूर्ण आडनावासकट असते.

काळाचं म्हणाल तर नजर उंचावरून आणि बरोबर पाण्याच्या मध्यावरून आहे, म्हणजे पूल हवाच. 1854 च्या आधी ग्रँड कॅनालवर रिआल्तो सोडून पूलच नव्हता, आकादेमियाचा लोखंडी पूल त्या वर्षी झाला (1933 मध्ये त्याच्या जागी लाकडी आला). म्हणजे मूळ दृश्य 1854 नंतरचं, आणि नक्कल त्याच्याही नंतरची.

तळ्यातमळ्यात:
ताई, मी कागदाची डागडुजी शिकलेय म्हणून फक्त दोन गोष्टी. गुलाबी आकाश म्हणजे संध्याकाळ असं लगेच समजू नका. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, कडेखाली जी पट्टी झाकलेली होती ती बघा, तिथे आकाश कुठल्या रंगाचं आहे? पूर्वी आकाशासाठी नीळ आणि तांबडी माती मिसळायची पद्धत होती, उजेडाने नीळ उडून जाते आणि तांबडा मागे राहतो, मग भर दुपार सुद्धा संध्याकाळ दिसायला लागते. दुसरं, कागद खिडकीवर टेकवू नका, सपाट हातात धरून उजेडासमोर न्या आणि वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली कारखान्याची खूण, आहे का बघा. त्यात साल असलं तरी ते कागदाचं साल, चित्र त्याच्या आधीचं नसणार एवढंच त्यातून कळतं. आणि कृपा करून खोडरबर, ओला बोळा, ब्रेड असलं काही लावू नका!!

रंगवेडी:
सगळ्यांना उत्तर एकदम देते. चौकोन आहेत, पट्टी लावून मोजले, प्रत्येक बरोबर अडीच सेंटीमीटरचा. वॉटरमार्कमध्ये 'व्हॉटमन' या इंग्लिश कागदाच्या नावाचा शेवटचा अर्धा भाग दिसतो, त्याच्या खाली 18 आणि तिसरा आकडा 8, चौथा कापला गेलाय. म्हणजे कागद 1880 ते 1889 मधला. आणि माउंटखालची पट्टी... करंगळीएवढी रुंद, चारही बाजूंनी, आणि ती निळी आहे. स्वच्छ, दुपारची निळी. आत्या कायम म्हणायची की माझ्या खोलीत रोज संध्याकाळ होते. मी बराच वेळ ती पट्टी धरून बसले होते.

पाणीदार:
मी धक्का म्हणालो ते चुकलंच माझं, वल्ह्याचं मला माहीतच नव्हतं. ताई, चित्राचा मोबाइलवर फोटो काढून तो आरशातल्यासारखा डावं-उजवं फिरवा, म्हणजे खरं व्हेनिस सरळ दिसेल. आणि मूळ शोधायचं असेल तर म्युझियमच्या ऑनलाइन संग्रहात आकादेमियावरून काढलेली सालूतेची एचिंग बघा, पण जुळवताना तुमचं चित्र फिरवायचं नाही, आहे तसंच ठेवायचं. एचिंग सापडलं तर जे. एस. हा नक्कल करणारा की मूळ कोरणारा, तेही त्याच्यावरच्या सहीवरून कळेल.

तळ्यातमळ्यात:
आणि परत फ्रेम करताना माउंट आम्लरहित घ्या, जुन्यापेक्षा खिडकी थोडी मोठी ठेवायला सांगा. ती निळी कडा दिसत राहील, फक्त थेट उजेड येणार नाही अशा भिंतीवर लावा.

रंगवेडी:
हो, तसंच करते. फोटो फिरवून बघितला आत्ता, वल्हं उजवीकडे आलं!