‘सर्व मार्गांत त्याचा…’ आदर की ओळख?

सांजवात :
उपवासकाळासाठी मंडळीची एक छोटी पुस्तिका इंग्रजीवरून मराठीत आणतेय. ती सगळी बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे ३:६’ या वचनाभोवती फिरते. इंग्रजीत तिथे ‘अ‍ॅक्नॉलेज’ आहे आणि लेखकाचा जोर यावर, की देवाचा अधिकार दुकानाच्या हिशेबात, मुलीच्या स्थळात, बदलीच्या अर्जातही चालू द्या. आपल्या मराठी बायबलात मात्र ‘तू आपल्या सर्व मार्गांत त्याचा आदर कर’. आदर काय, निवृत्त हेडमास्तरांचाही करतो. त्यांना विचारून कुणी जमीन विकत नाही. ‘मान्य कर’ लिहिलं तर आमचे पाळकसाहेब म्हणाले, ठराव आहे का तो? काय लिहू?

जुना_खिळा :
‘मानणे’ घ्या, पण विभक्ती सांभाळून. देवाला मानणं वेगळं, देवाचं मानणं वेगळं. आमचा धाकटा आईला फार मानतो, आईचं एक मानत नाही. तुम्हाला षष्ठी हवी आहे.

बावखल :
वा! आमच्या वसईत नाताळच्या रात्री इगर्जीत उभं राहायला जागा नसते. सगळे द्वितीयावाले.

रविवारचा_पेपर :
‘मानलं बुवा तुला!’ हेही विसरू नका. देवाला तसं मानणारेही आहेत, नोकरी लागल्यावर.

अलेफ_बेथ :
मूळ हिब्रूत आदर नाहीच. क्रियापद ‘यादा’, म्हणजे जाणणे, ओळखणे. निर्गम ५:२ मध्ये फारो तेच क्रियापद वापरतो : मी परमेश्वराला ओळखत नाही, इस्राएलाला सोडणार नाही. हे ‘मी कोणाच्या बापाला ओळखत नाही’ मधलं ओळखणं आहे. तेव्हा सरळ ‘त्याला ओळख’ लिहा.

सांजवात :
पण ‘मार्गांत ओळख’ म्हटलं की बसस्टॉपवर ओळख दाखवल्यासारखं वाटतं हो.

बावखल :
मग काय वाईट आहे? देव समोरून आला की आपण मोबाइलमध्ये बघतो. ओळख दाखवा म्हणतोय शलमोन.

कोकणकडा :
आपला ‘याद’ या ‘यादा’वरूनच आला, लिहून घ्या. बेने इस्राएल ज्यूंनी कोकणात आणला असणार.

अलेफ_बेथ :
‘याद’ फारसी. बेने इस्राएलांनी घाणे चालवले, शनिवारी बंद ठेवले म्हणून ‘शनवार तेली’ नाव पडलं. (धंद्याचा एक दिवस देवाच्या नावाने सोडणं, हे ३:६ चं बरं भाषांतर आहे. पण पुस्तिकेत तेली छापता येत नाही.)

शुद्धमती :
सगळे ‘कबूल’, ‘मर्जी’ यांच्या आसपास घुटमळताय. देवाविषयी लिहिताना तरी अरबी-फारसी टाळा. ‘सार्वभौमत्वाचा स्वीकार’ हा नेमका शब्दप्रयोग आहे.

जुना_खिळा :
आणि तो म्हणणार कोण? संडे स्कूलची पोरं? ‘पाद्री’ पोर्तुगीज, ‘इगर्ज’ पोर्तुगीज, ‘आमेन’ हिब्रू, एकट्या ‘मर्जी’ने काय घोडं मारलंय? पंडिता रमाबाई एवढ्या संस्कृत पंडित, पण हिब्रू-ग्रीक शिकून साध्या बायाबापड्यांसाठी मराठी बायबल केलं. त्यांचं १९२४ चं भाषांतर कुणाच्या घरी असेल तर ३:६ बघून सांगा.

शुद्धमती :
साधं म्हणजे परकं नव्हे.

ऊसतोड :
आमचे आजोबा श्रीरामपूरकडचे. पेरणी असो की सोयरीक, ‘धन्यानं म्हटलं तर सोमवारी’. याकोबाच्या पत्रात सांगितलंय ना, प्रभूची इच्छा असेल तर जगू आणि अमुक करू, तेच. एकदा कांद्याचं रोप लावायला बाहेरगावचा गडी आणला. तो सकाळी सातपासून बांधावर बसून. आठ वाजता आजोबा ओरडले तर म्हणतो, तुम्हीच म्हणालात धन्यानं म्हटलं तर, मी त्यांची गाडी यायची वाट बघतोय. म्हणून माझं मत ‘धनी’. ‘सर्व मार्गांत त्याला धनी मान’.

पिंपळपार :
सॉरी, पण हा शब्द नको. नगर जिल्ह्यात आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो पाटलाला ‘धनी’ म्हणणं सुटावं म्हणून. आणि तुम्ही तोच शब्द आकाशात नेऊन बसवताय.

ऊसतोड :
आमचीही वस्ती गावाबाहेरचीच. आजोबा पाटलासमोरसुद्धा हेच म्हणायचे, मुद्दाम. पाटील विचारायचा, कोण रे धनी? आजोबा वर बोट दाखवायचे.

पिंपळपार :
आजोबांना सलाम. तरी शब्द नको. आज ऐकणाऱ्याला पाटीलच दिसतो, बोट दिसत नाही.

कोकणकडा :
‘धनी’ धान्यावरून की धनावरून?

अलेफ_बेथ :
धनावरून. आणि कृपा करून हिब्रूत नेऊ नका.

रविवारचा_पेपर :
बायका नवऱ्याला धनी म्हणायच्या त्याचं काय मग?

सांजवात :
लोकहो, पुस्तिका उद्या छपाईला जातेय. तूर्त ‘आदर’च ठेवलाय आणि खाली तळटीपेत षष्ठी घातलीय.

बावखल :
@ऊसतोड, पण रोप लागलं का त्या सोमवारी?

ऊसतोड :
बुधवारी. मंगळवारी पाऊस आला.