सल्ला हवा: ओउमाए कुमिको आणि तिचं युफोनियम – पुढे काय पाहावं, काय ऐकावं, वाद्य कुठलं घ्यावं?

नदीकाठ

शाळेच्या बँडवरच्या 'हिबिके! युफोनियम' या ॲनिमेचा पहिला सीझन (2015, 13 भाग) पाहून झाला आहे. संगीतावरच्या ॲनिमेत नायिका एकतर गाणारी असते, नाहीतर गिटार-पियानो-व्हायोलिनवाली. कुमिको नव्वद टक्के श्रोत्यांना नावही माहीत नसलेलं पितळी वाद्य मांडीवर घेऊन मधल्या रांगेत बसते. आणि ती कुणी दैवी देणगी लाभलेली मुलगी नाही. बाराव्या भागात तालमीत एक अवघड तुकडा तिला जमत नाही. बँड शिकवणारे ताकी-सेन्सेई आवाजही न चढवता सांगतात, इथे तानाकांनी (म्हणजे वरच्या वर्गातल्या युफोनियमवाल्या आसुकाने) एकटीने वाजवायचं. वहीवर खूण करायला तिने पेन्सिल उचललेली असते. त्यानंतर रात्री तिच्या गावातल्या, उजीच्या पुलावर धावत, रडत ती ओरडत सुटते, की मला अजून चांगलं वाजवता यायला हवं. इतकं साधं वाक्य आणि इतकं खरं!

जाणकारांना तीन प्रश्न. पुढचं कुठल्या क्रमाने पाहावं? युफोनियमचा आवाज नीट ओळखू यावा म्हणून काय ऐकावं? आणि हे वाद्य घरी शिकायला घ्यायचं तर कुठलं? पेटीवर सरगम वाजवता येते, पाश्चात्य नोटेशन येत नाही.

तिसरी_घंटा

क्रम सरळ आहे: पहिला सीझन, दुसरा सीझन (2016, 13 भाग), मग 'लिझ आणि निळा पक्षी' (2018), 'चिकाई नो फिनाले' (2019), 'एन्सेम्बल कॉन्टेस्ट' (2023) आणि शेवटी तिसरा सीझन (2024, 13 भाग). पहिल्या दोन सीझनचे संकलित चित्रपट सोडले तरी चालतील.

लोक चुकतात ते 2019 च्या चित्रपटापाशी. चित्रपट म्हणून तो बाजूला ठेवतात आणि थेट तिसऱ्या सीझनवर उडी मारतात. मग युफोनियमवाली धाकटी कानादे कोण आणि ती कुमिकोशी अशी खोचक का बोलते, ते कळत नाही. कुमिकोचं दुसरं वर्ष मुख्यतः त्या चित्रपटात आहे. 'लिझ'ही त्याच वर्षातला, पण तो ओबो वाजवणाऱ्या मिझोरेचा आणि बासरीवाल्या नोझोमीचा. कुमिको त्यात जवळपास नाहीच. तरी वगळू नका.

कुमिको आवडली असेल तर एक गोष्ट कानांनी टिपा. तिला आवाज देणाऱ्या कुरोसावा तोमोयोने तिचे दोन आवाज ठेवले आहेत. बाहेरच्यांशी बोलताना गोड, सावध, वरच्या पट्टीतला. घरी बहिणीशी किंवा बालमित्र शुइचीशी बोलताना जाडसर, कंटाळलेला, खालचा. ट्रम्पेटवाल्या रेइनासमोर हा खालचा आवाज कधी येऊ लागतो ते ऐकत जा, मैत्री कुठवर आली ते संवादांआधी कळतं. मनातलं नको तेव्हा तोंडून निसटणं ही तिची खोड पहिल्या भागातच दिसते. निकालानंतर रडणाऱ्या रेइनाला ती विचारून बसते, तू खरंच नॅशनल्सला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेला, जायची आशा धरली होतीस? दुसऱ्या सीझनच्या दहाव्या भागात हीच खोड आसुकासमोर कामी येते. कसं, ते सांगत नाही.

काळीपाच

ऐकण्याबद्दल. दुसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात कान्साई स्पर्धेतलं 'मिकाझुकी नो माई', म्हणजे चंद्रकोरीचं नृत्य, संवाद न घालता सलग दाखवलंय. आकितो मात्सुदाची रचना आहे आणि ध्वनिमुद्रणात सेन्झोकु गाकुएन संगीत महाविद्यालयाचे विद्यार्थी वाजवतात. तीनदा ऐका. पहिल्यांदा ट्रम्पेटच्या मागे जा. दुसऱ्यांदा फक्त तळाचा ट्युबा आणि कॉन्ट्राबास धरा. तिसऱ्यांदा त्या दोघांच्या मधली जागा शोधा. ट्रॉम्बोनइतकाच उंच, पण कडा नसलेला, गोल आवाज सापडला की ते युफोनियम. हेडफोन हवेतच, मोबाइलच्या स्पीकरवर ही पट्टी दबून जाते. ॲनिमेबाहेर होल्स्टचा एफ मेजरमधला दुसरा सूट (1911) ऐका, त्याच्या पहिल्या मार्चमध्ये युफोनियमला स्वतंत्र धून आहे.

आता सरगमवाल्यांसाठी. युफोनियम बी-फ्लॅटचं वाद्य, म्हणजे पेटीची काळी पाच. एकही पिस्टन, म्हणजे बोटाने दाबायची कळ, न दाबता फुंकलं की ओठांच्या ताणाप्रमाणे सा, प, वरचा सा, त्यावरचा ग, प असे स्वर निघतात. बाकीचे पिस्टनने: दुसरा अर्धा स्वर उतरवतो, पहिला एक, तिसरा दीड. शुद्ध सप्तकाची बोटं अशी: सा मोकळा, रे पहिला-तिसरा, ग पहिला-दुसरा, म पहिला, प मोकळा, ध पहिला-दुसरा, नि दुसरा, सा मोकळा. हे पाठ झालं की ॲनिमेतली बोटं बघा. ही मालिका बनवणाऱ्या क्योतो ॲनिमेशनने ती उगाच हलवलेली नाहीत.

तंबोऱ्याचं ॲप काळी पाचवर लावा आणि त्यावर सा धरा. मेट्रोनोम 60 वर, आठ मात्रा एक स्वर, चार मात्रा श्वास. त्याआधी पाच मिनिटं वाद्यात नुसती गरम हवा फुंका, कारण थंड वाद्य उतरं बोलतं आणि तापलं की चढतं. सुरुवातीला सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. ओठ सुजले की माणूस माउथपीस दातांवर दाबून वरचा स्वर काढतो, आणि ती सवय नंतर सुटत नाही.

नदीकाठ

बोटांचा तक्ता वहीत उतरवून घेतला. तीन पिस्टनचं घ्यावं की चार?

काळीपाच

चार, परवडत असेल तर. कारण गणिताचं आहे. वाद्याची नळी साधारण 270 सें.मी. पहिला पिस्टन तीत सुमारे 33 सें.मी. वाढवतो, तिसरा सुमारे 51. खालचा रे दोन्ही मिळून, म्हणजे 84. पण मोकळ्या स्वराखाली अडीच स्वर उतरायला 90 लागतात, कारण नळी आधीच लांबली की त्याच अंतराला जास्त नळी खर्च होते. हे सहा सें.मी. कमी पडतात, म्हणून रे चढा लागतो. तीन पिस्टनवर तिसऱ्याची सरकती नळी ओढून तो सावरावा लागतो. चौथा पिस्टन एकटाच अडीच स्वर उतरवतो, म्हणजे रे चौथ्यावर आणि कोमल रे दुसरा-चौथ्यावर. अगदी खालच्या स्वरांना चौथाही पुरत नाही. तिथे कॉम्पेन्सेटिंग रचना लागते, चौथा दाबला की हवा जादा नळ्यांतून पुन्हा फिरते. ती महाग आणि जड असते. पहिली दोन वर्षं तिच्यावाचून अडणार नाही.

पितळपारखी

भारतात बँडची वाद्यं मुख्यतः मेरठच्या जली कोठी भागात बनतात आणि तिथूनच देशभर जातात. तिथलं नवीन तीन पिस्टनचं वाद्य सर्वांत स्वस्त पडतं, पण एकाच नमुन्याच्या दोन वाद्यांत फरक असतो. ट्यूनर सोबत न्या आणि मोकळे सा-प-सा तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. जुनं जपानी मिळालं, उदाहरणार्थ चार पिस्टनचं यामाहा वायईपी-321, तर मी आधी ते बघेन.

जुनं घेताना हे करा. पिस्टन न दाबता त्याची सरकती नळी हळू बाहेर ओढा, सुटताना 'पॉक' असा आवाज यायला हवा. आला नाही तर पिस्टन झिजलाय, हवा गळते. हा खर्चाचा दोष. पोचे दिसायला वाईट, पण भोंग्यावरचे पोचे आवाजाला फारसे बाधत नाहीत. माउथपीसजवळच्या अरुंद नळीतला पोचा मात्र बाधतो. पितळेवर गुलाबी-तांबूस ठिपके असतील तर जस्त झडतंय, नळी आतून कुजते आहे. ते वाद्य सोडा.

दुकानात बॅरिटोनलाही युफोनियम म्हणून देतात. दोन्ही त्याच पट्टीतली, पण बॅरिटोनची नळी अरुंद, भोंगा लहान, आवाज उजळ. कुमिकोचा आवाज हवा असेल तर नळी हळूहळू रुंदावत गेलेली पाहा.

माउथपीसचा दांडा बारीक, मधला आणि जाड अशा तीन मापांत येतो. वाद्य हातात आल्यावरच माउथपीस घ्या. चुकीचा दांडा डुगडुगतो किंवा नको तितका आत जातो आणि सगळी सुरावट बिघडते. सुरुवातीला साडेसहा एएल माप, आतला व्यास साधारण 25.4 मि.मी., बहुतेकांना जमतं. अडकला तर पकड लावू नका, नळी पिळवटते. दुरुस्तीवाल्याकडे तो काढायचं यंत्र असतं.

आणि खोबरेल तेल नको! 24 अंशांखाली ते गोठतं, डिसेंबरच्या सकाळी पिस्टन खाली गेला की वर येत नाही. व्हॉल्व्ह ऑइलचे तीन-चार थेंब दर पिस्टनला. एका वेळी एकच पिस्टन बाहेर काढा. त्यांच्यावर 1, 2, 3 असे आकडे कोरलेले असतात, अदलाबदल झाली की हवाच जात नाही आणि लोक वाद्य बिघडलं समजून दुकान गाठतात. सरकत्या नळ्यांना ग्रीस, महिन्यातून एकदा कोमट पाण्याची आंघोळ. कढत पाणी लॅकर सोलतं.

तिसरी_घंटा

फ्लॅटमध्ये राहत असाल तर प्रॅक्टिस म्यूटचे, म्हणजे आवाज दाबायला भोंग्यात बसवायच्या बुचाचे, पैसे आधीच धरा. त्याने शेजाऱ्यांची सोय होते, पण खालचे स्वर अडखळतात आणि फुंकीला उलटा दाब येतो. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी मोकळ्या मैदानात वाजवा. कुमिकोही नदीकाठीच सराव करते.

नदीकाठ

उजीला जाण्याचा योग आला तर आठव्या भागातली टेकडी खरी आहे का?

तिसरी_घंटा

खरी आहे. दाइकिचियामा. केइहान रेल्वेच्या उजी लाइनने शेवटच्या स्टेशनवर उतरायचं. स्टेशनाबाहेर पडताच समोर उजीचा पूल, बाराव्या भागातला. नदीच्या उजव्या काठाने उजिगामी देवस्थानाकडे जा, पायवाट तिथूनच वर चढते. वीसेक मिनिटांची सोपी, वळणावळणाची चढण. वरच्या चौथऱ्यावरून उजी शहराचे दिवे दिसतात, कुमिको आणि रेइना जिथे वाजवतात तीच जागा. रेइना उंच टाचांचे सँडल घालून आणि कुमिको युफोनियम घेऊन चढते. वाद्य पेटीसकट पाच किलोंच्या वर जातं, हे लक्षात ठेवून तो प्रसंग पुन्हा पाहा. त्या भागातला आगाता उत्सव दरवर्षी 5 जूनच्या रात्री असतो. टेकडीवर दिवे नाहीत, बॅटरी न्या.