मदत हवी आहे: थंडीतले क्रौंचांचे फोटो सॉफ्ट (अस्पष्ट) का येतायत? (रविवारच्या आत उत्तर हवंय)

गोदाकाठचा
नमस्कार मंडळी. आमचं गाव निफाड तालुक्यात, नांदूर मधमेश्वरच्या पाण्यापासून फार लांब नाही. यंदा थंडी कडक आहे, पहाटे पारा ६-७ वर असतो. क्रौंच रोज सकाळी आमच्या शिवारात हरभऱ्याच्या वावरात उतरतायत. तीन रविवार झाले, सहाशेच्या वर फोटो काढले, पण कामाचा एकही नाही. सगळे राखाडी, आणि झूम केलं की पिसांची रेघ दिसत नाही. डोक्यावरचा लाल ठिपका ओल्या कागदावर शाई पसरावी तसा पसरलेला. कॅमेरा चांगला आहे, लेन्सही. एका दुकानात दाखवलं तर न तपासताच म्हणाले, लेन्स सरकलीय, ठेवून जा, साडेतीन हजार होतील.
२६ जानेवारीला गावच्या जिल्हा परिषद शाळेत बारा फोटो लावायचं कबूल केलंय. आपल्या बांधावर कोण पाहुणे येतात हे पोरांना दाखवायचंय. आता एकच रविवार उरलाय. सेटिंग सांगा, लवकर.

शेकाट्या
कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, शटर किती, आयएसओ किती, अंतर किती, वेळ कोणती? "चांगला आहे" यावरून काय सांगणार? एक मूळ फोटो टाका, क्रॉप न केलेला.

टिपणकार
ट्रायपॉड घ्या. थंडीत हात थरथरतात, बाकी काही नाही. मी वीस वर्षं पक्षी टिपतोय, ट्रायपॉडशिवाय घराबाहेर पडत नाही.

मावळतीकर
भिगवणला या की! उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) अगदी नावेजवळ येतात. पहाटेची नाव धरलीत की दोन तासांत बारा काय, पन्नास फोटो होतील. राहायची सोय हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गोदाकाठचा
@मावळतीकर, भिगवण छानच आहे, पण पोरांना आपल्याच शिवारातला पक्षी दाखवायचाय. आणि पाणथळ जागांच्या रामसर या जागतिक यादीत २०२० साली राज्यातून पहिलं नाव आमच्या नांदूर मधमेश्वरचंच लागलं. घराजवळ एवढं असताना लांब कशाला जाऊ?
@शेकाट्या, निकॉन डी ७५००, २००-५०० लेन्स. शटर १/२००० सेकंद, आयएसओ १६००. अंतर साठ-सत्तर मीटर. फोटो टाकलाय.

द्राक्षवाला
दादा, सध्या पहाटे बागांमधून शेकोट्या पेटलेल्या असतात. एवढ्या गारठ्यात द्राक्षाचे मणी तडकायची भीती, म्हणून आम्ही रात्रभर धूर करतो, ठिबकही सोडतो. तो धूर सकाळी आठपर्यंत जमिनीलगत बसून राहतो. तुमचा राखाडीपणा तोच. वारा कुठून येतो ते बघून उभे राहा.

अवनी
द्राक्षवाला दादा, यंदा मण्यांना तडे खूप गेलेत का? आमच्याकडे दिंडोरीला दोन प्लॉट गेले. तुम्ही शेकोटी किती वाजता लावता?

द्राक्षवाला
@अवनी ताई, दोनच्या सुमारास. पण नुसता धूर पुरत नाही, पहाटे ठिबक चालवायलाच हवं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं ना.

एडमंटनकर
नमस्कार. इथे उणे पंचवीसमध्ये मी अंगणातल्या चिमण्या टिपते. कॅमेरा बाहेरून घरात आणताना आधी झिपच्या पिशवीत बंद करा आणि दोन तास उघडू नका, नाहीतर आत वाफ धरते. बॅटरी खिशात उबेत ठेवा. माझी एक लेन्स अशीच गेली, म्हणून कळकळीने सांगतेय.

शेकाट्या
ताई, तुमचं खरं आहे, पण त्यांच्याकडे सात अंश आहे आणि वाफ धरल्याची तक्रारही नाही.
@टिपणकार, १/२००० ला हाताची थरथर दिसत नाही. मी फोटो मोठा करून पाहिला. हात हलला असता तर सगळ्या कडा एकाच दिशेला ओढलेल्या दिसल्या असत्या. इथे तसं नाही. फोकस सरकला असता तर क्रौंचाच्या पुढची ढेकळं किंवा मागचा ऊस, काहीतरी धारदार आलं असतं. इथे काहीच धारदार नाही, सगळं सारखंच लिबलिबीत. हा दोष हवेचा आहे, लेन्सचा नाही. साडेतीन हजार देऊ नका.

टिपणकार
हवेचा म्हणजे धुकं ना? मग तेच म्हणा. रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, सॉफ्टवेअरमध्ये डीहेझ (धुकटपणा कमी करायची सोय) चाळीसवर न्या, प्रश्न मिटला. आणि तरीही ट्रायपॉड लावाच.

शेकाट्या
डीहेझने राखाडीपणा जाईल, गेलेली पिसं परत येणार नाहीत. हे दोन वेगळे आजार आहेत.
राखाडीपणाचं सोपं आहे. धुकं पांढरं असतं आणि कॅमेरा त्याला मधल्या राखाडीवर आणून बसवतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +०.७ ते +१ ठेवा. काळ्या पाण्यावर बगळा असेल तेव्हा मात्र उलट, मायनसमध्ये जा.
आता दुसऱ्या आजाराचं. गोदाकाठचे, तुम्ही उभे कुठे असता?

गोदाकाठचा
उभा नसतो. गाडीत बसून काढतो, काचेवर उशी ठेवून. पायी गेलं की क्रौंच शंभर-दीडशे मीटरवरूनच उठतात, गाडीला भीत नाहीत. हे सांगायचं राहिलं, मला वाटलं सगळे असंच करतात.

शेकाट्या
आणि हीटर?

गोदाकाठचा
चालू असतो. बोटं आखडतात हो, शटर दाबवत नाही. इंजिनही चालूच असतं मग.

शेकाट्या
सापडलं! आत पंचवीस अंश, बाहेर सात. काच खाली केली की आतली गरम हवा तुमच्या लेन्सच्या अगदी तोंडासमोरून बाहेर पडते आणि थंड हवेत मिसळते. चुलीच्या वरून पलीकडचं माणूस कसं हलताना दिसतं, तसंच. लेन्स ५०० मिमीपर्यंत झूम केली की तो थरथराट कितीतरी मोठा होऊन येतो. बॉनेटच्या दिशेने तर कधीच काढू नका.
उपाय: सूर्योदय सध्या सातनंतर आहे, तुम्ही साडेसहालाच पोचा. इंजिन बंद, हीटर बंद, चारही काचा खाली, वीस मिनिटं तसंच बसा. गाडी आतून बाहेरइतकीच गार झाली पाहिजे. बोटांसाठी टोकं कापलेले लोकरी मोजे घाला. आणि नऊच्या आत आटपा. त्यानंतर ऊन लागून वावरातूनच गरम हवा उठायला लागते, तिला इलाज नाही.

टिपणकार
गाडी सोडून बांधाआडून पोटावर सरकत गेलं की हा प्रश्नच येत नाही. खरा फोटोग्राफर जमिनीच्या पातळीवरून काढतो.

अवनी
टिपणकार काका, नका ना असं सुचवू. इतक्या लांबून आलेले पक्षी, सकाळी भूक लागलेली असते. एकदा थवा उठला की दोन वावरं पलीकडे जाऊन बसतो, पुन्हा सगळं नव्याने. गाडीतूनच काढू द्या त्यांना.

टिपणकार
मी कधी थवा उठवला नाहीये. पण ठीक, नवख्याने गाडीतच बसावं हे मान्य.

गोदाकाठचा
रविवारपर्यंत दम निघेना म्हणून आज पहाटेच गेलो. रिकाम्या वावरातलं बुजगावणं साधारण साठ मीटरवर होतं. आधी हीटर लावून दहा फोटो, मग सगळं बंद करून काचा उघड्या ठेवून वीस मिनिटांनी दहा. पहिल्या दहांत बुजगावण्याच्या सदऱ्याच्या पट्ट्या एकमेकींत मिसळलेल्या. दुसऱ्या दहांत सदऱ्याचं तुटलेलं बटण आणि त्यातून लोंबणारा दोरा दिसतोय. लेन्स तीच, सेटिंग तेच.
सव्वासातला सात क्रौंच उतरले. +०.७ ठेवलं होतं. एकाने मान वर केली तेव्हा डोळ्यामागून मानेवर उतरणारी पांढरी पट्टी आणि टाळूवरचा लाल ठिपका वेगवेगळे आले. डोळ्यात उगवतीचा ठिपकासुद्धा आहे! शेकाट्या, मनापासून आभार. हा फोटो शाळेत सगळ्यात मोठा लावणार. तिसरा फोटो बघा, त्यात मागे उभा आहे तो छोटा पक्षी कोणता? लाल ठिपका नाही.

अवनी
कानामागे पांढरे झुबके आहेत आणि छातीपर्यंत काळी पिसं लोंबतायत. कांड्या करकोचा आहे हो तो! क्रौंचांबरोबर एकटाच आलाय का? अजून फोटो असतील तर टाका.

द्राक्षवाला
वावर कोणाचं आहे ते? आमच्याकडे उतरले की आम्ही हाकलतो, हरभरा खातात. पण फोटो बघून आता पोरांना सांगितलंय, आठ वाजेपर्यंत कोणी तिकडे फिरकायचं नाही.