अमेरिकन कॉलेज फुटबॉलपटूंची स्वाक्षरीची कार्डे : खरी कोणती आणि ती इथे टिकवायची कशी?

परभणीकर

सर्वांना नमस्कार. १९९४ ते १९९६ या काळात मी कृषी विषयातील पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात, लिंकन येथे होतो. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, हे आधीच सांगतो, कारण मागे एकदा हा विषय काढला तेव्हा मंडळींनी मला मेस्सीच्या कार्डांचा भाव विचारला होता. शनिवारी सामना असला की सगळे गाव लाल कपड्यांत स्टेडियमकडे निघे आणि मला गंगाखेडच्या दिंड्या आठवत. १९९४ आणि १९९५ अशा दोन्ही हंगामांत विद्यापीठाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २ जानेवारी १९९६ रोजी फिएस्टा बाउल या विजेतेपदाच्या सामन्यात फ्लोरिडा विद्यापीठाविरुद्ध आमचा टॉमी फ्रेझिअर एकेकाच्या हातून निसटत ७५ यार्ड धावला, ती धाव आम्ही आठ-दहा भारतीय विद्यार्थ्यांनी एका खोलीत दाटीवाटीने बसून टीव्हीवर पाहिली.

नोकरीतून सवड मिळाल्यापासून मी त्या काळातील खेळाडूंची स्वाक्षरी असलेली कार्डे (खेळाडूचे चित्र छापून कंपन्या पाकिटांतून विकतात ती) जमवत आहे. गेल्या वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून फ्रेझिअरची दोन कार्डे प्रत्येकी साडेपाच हजार रुपयांना घेतली. सोबत सोनेरी शिक्का मारलेले सत्यतेचे प्रमाणपत्र होते. मात्र ते त्या विक्रेत्यानेच छापलेले असल्याचे नंतर लक्षात आले. ही कार्डे तपासणीसाठी अमेरिकेला पाठवावीत का? शिवाय उन्हाळ्यात काही चकचकीत कार्डे कमानीसारखी वाकली आहेत. त्यावर काय उपाय करावा?

सराफ्यातला (छत्रपती संभाजीनगर)

काका, विकणाऱ्यानेच दिलेल्या प्रमाणपत्राला काडीचीही किंमत नसते. १९९० च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने बनावट स्वाक्षऱ्यांचे जाळे उघडकीस आणले, तेव्हा खोट्या वस्तूंसोबत अशी प्रमाणपत्रेही होतीच. ज्या कार्डाच्या मागे खुद्द कार्ड कंपनीने स्वाक्षरीची हमी छापलेली असते आणि जे मूळ पाकिटातून निघालेले असते, ते सर्वांत भरवशाचे. अशा कार्डांतही दोन प्रकार आहेत. एकात खेळाडू थेट कार्डावर सही करतो. दुसऱ्यात तो पारदर्शक चिकटपट्ट्यांच्या तक्त्यावर सह्या करून देतो आणि कंपनी त्या नंतर कार्डांवर चिकटवते. दुसरा प्रकार संग्राहकांना कमी आवडतो, पण म्हणून ती सही खोटी ठरत नाही.

कॉलेजच्या खेळाडूंबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १ जुलै २०२१ पर्यंत एनसीएए या अमेरिकेतील कॉलेज क्रीडासंघटनेच्या नियमांनुसार विद्यार्थी-खेळाडूला आपल्या नावाचा वा सहीचा पैसा घेता येत नसे. २०१४ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या टॉड गर्ली या खेळाडूला पैसे घेऊन सह्या केल्याबद्दल चार सामन्यांची बंदी सोसावी लागली होती. त्यामुळे त्या काळातील कंपनीच्या हमीची सही ही त्याची कॉलेजची कारकीर्द संपल्यानंतरचीच असणार. कोणी ‘१९९५ च्या हंगामातच कंपनीसाठी केलेली सही’ म्हणून कार्ड विकत असेल, तर तिथेच थांबावे.

आता तपासणी. अमेरिकेला पाठवण्याआधी सराफाकडचे दहापट मोठे दाखवणारे भिंग मागून घ्या. सही छापील असेल तर रेषा रंगाच्या बारीक ठिपक्यांची बनलेली दिसते. शाईची असेल तर ती सलग दिसते आणि बहुधा एक रेघ दुसरीवरून गेली तिथे शाई गडद झालेली असते. मात्र शाई म्हणजे खेळाडूचाच हात असे नव्हे, कारण पेन धरून सही गिरवणारी यंत्रेही असतात. तुमच्याकडे एकाच विक्रेत्याची दोन कार्डे आहेत, हे एका अर्थी बरेच झाले. दोन्हींचे सरळ वरून फोटो काढा, एकाच आकाराचे करा आणि एकावर एक ठेवून पाहा. माणसाच्या दोन सह्या केसागणिक जुळत नाहीत.

देगलूर नाका (नांदेड)

वरील मताशी मी सहमत आहे, पण तपासणीसाठी अमेरिकेला पाठवण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नये. अमेरिकन फुटबॉलमधील नामवंत खेळाडू टॉम ब्रेडीचे २००० सालचे, केवळ १०० प्रतींपैकी एक असलेले स्वाक्षरीचे कार्ड २०२१ मध्ये ३१ लाख डॉलरच्या वर गेले; तशा कार्डाला तपासणीचा खर्च शोभतो. साडेपाच हजारांच्या कार्डाला जाण्या-येण्याचे टपाल, विमा आणि शुल्क मिळून मुद्दलाएवढाच खर्च यायचा. परत येताना ‘भेटवस्तू’ लिहून सीमाशुल्क चुकवता येईल, असेही समजू नका. राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता ती सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली.

कार्डे वाकण्याचे कारण आपल्या घरातच आहे, आणि ते म्हणजे कूलर. चकचकीत कार्डाचा एक थर कागदाचा आणि दुसरा धातूच्या चकाकीचा वा प्लास्टिकचा असतो. कागद दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. वरचा थर मात्र आहे तसाच राहतो. एप्रिल-मेमध्ये दिवसा बेचाळीस अंशांची कोरडी झळ आणि रात्री वाळ्याच्या ताट्यांतून येणारा ओला वारा, असा खेळ दोन महिने चालला की कार्डाची कमान होते. मऊ पॉलिप्रॉपिलीनचे वेष्टन, त्यावर कडक प्लास्टिकचे आवरण आणि कूलर नसलेली आतली खोली, एवढे पुरते. पीव्हीसीच्या स्वस्त पिशव्या आणि डांबराच्या गोळ्या मात्र कटाक्षाने टाळा. मी कसरीच्या भीतीने गोळ्या ठेवल्या आणि पेटीतील दोन आवरणे धुरकट करून बसलो.

गंजगोलाई (लातूर)

काका, माझा मार्ग जुन्या वळणाचा आहे. मी खेळाडूंना पत्र लिहितो. सोबत कोरे कार्ड आणि स्वतःचा पत्ता लिहिलेला परतीचा लिफाफा घालतो. त्या लिफाफ्यावर भारतीय तिकीट चालत नाही. अमेरिकी टपाल खात्याचे ‘ग्लोबल फॉरएव्हर’ हे २०१३ पासून निघणारे गोल तिकीट लावावे लागते. एक औंसापर्यंतचे पत्र त्या एका तिकिटावर कोणत्याही देशात जाते. डॅलसला असलेली माझी पुतणी दर दिवाळीला दहा तिकिटे आणते. बहुतेक पत्रांना उत्तर येत नाही, ही गोष्ट वेगळी.

जाता जाता एक सांगतो. टॉप्स या कार्डे काढणाऱ्या कंपनीने १९५५ मध्ये कॉलेजच्या खेळाडूंचा १०० कार्डांचा ‘ऑल-अमेरिकन’ संच काढला होता. त्यातील ‘व्हिझर’ व्हाइटच्या कार्डामागे आधी भलत्याच खेळाडूची माहिती छापली गेली. हेच व्हाइट पुढे १९६२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मला त्या संचातील फक्त हेच कार्ड हवे आहे, तेही चुकीच्या माहितीचे.

परभणीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल ओळखीच्या सराफाकडे भिंगातून पाहिले. ठिपके नव्हते, रेषा सलग होत्या, त्यामुळे क्षणभर हायसे वाटले. घरी आल्यावर मुलीने दोन्ही फोटो मोबाइलवर एकावर एक ठेवले. शेवटच्या अक्षराची खाली ओढलेली शेपटीसुद्धा तंतोतंत जुळली. जणू एकच सही होती. विक्रेत्याला लिहिले, तर परताव्याची मुदत संपल्याचे उत्तर आले. चूक माझीच आहे, कारण दुसरे कार्ड ‘सोबत घेतल्यास टपालखर्च माफ’ म्हणून घेतले होते.

लातूरच्या दादांनी पुतणीकडची दोन तिकिटे दिली, तर मीही पत्र लिहून पाहीन म्हणतो. कार्डांची पेटी मात्र आजच कूलरच्या खोलीतून काढून धान्याच्या खोलीत, ज्वारीच्या कोठीशेजारच्या कपाटात ठेवली आहे.