‘बुरशीजन्य’, ‘बुरशीनाशक’ की आणखी काही?

प्रश्न:
एका इवल्याशा कुपीच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. आत पांढरी भुकटी, नाव ब्रेफेल्डिन ए. पेनिसिलियम वंशातल्या बुरशीपासून मिळतं, बुरशीवर आणि कर्करोगाच्या पेशींवर चालतं, प्रयोगशाळेबाहेर वापरायचं नाही. मी लिहिलं, ‘बुरशीजन्य संयुग, बुरशीनाशक व कर्करोगनाशक’. वाचून मलाच ते फवारणीचं औषध वाटलं.

कोशकीटक:
वाटणारच. ‘बुरशीनाशक’ हा शब्द पिकांवरच्या फवारणीने केव्हाच बळकावलाय. आणि ‘बुरशीजन्य’ म्हटलं की पुढे ‘रोग’ नाहीतर ‘संसर्ग’. जलजन्य, कीटकजन्य, सगळी दुखणीच! ‘बुरशीपासून मिळणारे’ असं सरळ लिहा. चार अक्षरं वाढली तर वाढू देत.

चष्मिष:
मी ‘कवक’च्या बाजूने. ओल्या चपलेवर धरते ती बुरशी. पण इल्युडिन एस हे संयुग ज्या भूछत्रातून मिळतं, ते अंधारात मंद उजळतं. त्याला बुरशी कोण म्हणेल? ते भूछत्र, यीस्ट आणि चपलेवरची बुरशी, तिन्ही कवकंच.

प्रश्नकर्ती:
‘कवक’ पाठ्यपुस्तकाबाहेर कोण बोलतं हो?

चष्मिष:
कुपी उघडणारे बोलतात, तेवढं पुरे. (एक मात्र, नावावर जाऊ नका. ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीवरचं औषध ज्यापासून मिळतं तो स्ट्रेप्टोमायसेस नावात ‘मायसेस’ मिरवतो. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ बुरशी, पण स्वारी आहे जिवाणू.)

टेबलाशेजारचा:
नाशक की रोधक, हा नुसता कानाला बरं वाटण्याचा प्रश्न नाही. १९३९ साली पेनिसिलियममधूनच वेगळं काढलेलं ग्रिझिओफुल्विन बुरशीची वाढ थोपवतं, तिला मारत नाही. म्हणजे रोधक. कॅस्पोफंजिन कॅन्डिडा या कवकाला मारतं, ॲस्परजिलस या दुसऱ्या कवकाची मात्र वाढ रोखून थांबतं. औषध एकच, एकीकडे नाशक, दुसरीकडे रोधक. तेही एका कवकाच्याच द्रव्यापासून केलेलं, काट्याने काटा काढावा तसं. दोन्ही पोटात घेणारा शब्द हवा तर ‘कवकविरोधी’.

‘कर्करोगनाशक’वर फुली मारा. ताटलीतल्या पेशी मेल्या म्हणजे रोग गेला असं नाही. ब्रेफेल्डिन पेशीतलं गॉल्गी संकुल, म्हणजे प्रथिनं बाहेर रवाना करणारं ठाणं, विस्कटून टाकतं, मग बाहेर जायला निघालेली प्रथिनं वाटेतच अडकतात. ही वाहतूक थांबवून पाहण्यासाठीच आम्ही ते वापरतो. निरोगी पेशीचीही ते गय करत नाही. ‘पेशीघातक’ म्हणा.

प्रश्नकर्ती:
मग असं? ‘कवकापासून मिळवलेले संयुग. कवकविरोधी. कर्करोगाच्या पेशींसह इतर पेशींनाही घातक. केवळ संशोधनासाठी.’

कोशकीटक:
छान. फक्त शेवटचे दोन शब्द उचलून सगळ्यात वर ठेवा, ठळक.