मदत हवी आहे: पूर आल्यावर पहिल्या दोन दिवसांत खायला काय द्यावं?

नमस्कार. आमच्या चर्चतर्फे नागपुरातल्या काही गरजू घरांना दर महिन्याला शिधा जातो: तांदूळ, तूरडाळ, तेल, तिखट-मीठ. यंदा पावसाळ्याआधीच पुराची तयारी करून ठेवा, असं पाळकसाहेबांनी सांगितलंय आणि तिथेच आम्ही अडलोय.

23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं. पिठाचे डबे चिखलात, शेगडीच्या बर्नरमध्ये गाळ. अशा घरी तांदळाची पिशवी देऊन काय उपयोग? तेव्हा हातात घेऊन लगेच खाता येईल असंच हवं. मुरमुऱ्याचा चिवडा, फुटाणे, गूळ-शेंगदाणे सुचलेत. पण तान्ह्या लेकरांचं आणि दात नसलेल्या म्हाताऱ्यांचं काय?

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगा. दमट हवेत चिवडा किती दिवस टिकतो, पिशवी कोणती वापरावी? दोन-अडीचशे माणसांच्या खिचडीसाठी मोठे गंज किरायाने कुठे मिळतील?

मदत जातधर्म न विचारता सगळ्यांसाठी आहे. नदीकाठच्या वस्तीतलं कोणी यादी करायला सोबत आलं तर फार बरं होईल. किरायाने राहणारी माणसं यादीतून हमखास सुटतात.