क्लेम अडकलेला असला तरी नवी पॉलिसी मिळते

गाडीच्या विम्याबद्दल ‘जुना क्लेम निकाली निघाल्याशिवाय दुसरी कंपनी दारातही उभं करत नाही’ असं म्हणतात, ते पटलं नाही. अपघात ज्या पॉलिसीच्या मुदतीत झाला, त्याचे पैसे तीच कंपनी देणार, मग तुम्ही पुढे कुठेही जा. अडचण येते ती गाडीच्या अवस्थेची. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात अंबाझरी तलावाचं पाणी घुसलं तेव्हा आमची गाडी सीटपर्यंत बुडाली. पॉलिसी ऑक्टोबरात संपत होती आणि गाडी गॅरेजमध्ये, सीटा बाहेर काढून वाळत घातलेल्या, कार्पेटला चिखलाचा वास. विमा देण्याआधी नवी कंपनी गाडी तपासते, अशा गाडीचं इन्स्पेक्शन कोण पास करणार? मग नव्या कंपनीकडून आधी फक्त थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारी पॉलिसी घेतली. गाडी दुरुस्त होऊन आली, इन्स्पेक्शन झालं, तेव्हा वेगळी ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची पॉलिसी जोडली. २०१९ पासून ती सुटी मिळते.

आणि एनसीबीचं (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) सांभाळा बरं का. एजंट म्हणाला, ‘क्लेम अजून पास कुठं झालाय, फॉर्मवर एनसीबीला टिक करून टाका, २५ टक्के वाचतात.’ मी नाही केलं. कंपन्या एकमेकींकडे विचारणा करतात, आणि खोटं निघालं तर पुढचा क्लेम तिथेच अडकतो. एनसीबी शून्य लावून पूर्ण प्रीमियम भरला, जीवावर आलं होतं. जुन्या क्लेमचे पैसे मात्र फेब्रुवारीत आले, तेही सर्व्हेअरने (नुकसान मोजणाऱ्याने) घसारा, म्हणजे सुटे भाग जुने झाल्याची किंमत, कापून.